मुक्काम पोस्ट पनवेल

डिसेंबर जवळ आला की आपल्या ऑफिसांमध्ये एक वेगळीच जमात दिसायला लागते. स्क्रीनवर वर ऑफिसचं एक्सेल, त्याच्या मागे लपवलेला गुहागरचा होमस्टे. ही प्लॅनर जमात! यांचा दादा न्यू जर्सीहून, ताई लंडनहून नाहीतर कॉलेजचा ग्रुप दुबईहून येणार असतो आणि ‘यंदा सगळे मिळून कोकणात जाऊया’ असं फॅमिली ग्रुपवर ठरलेलं असतं. ठरवणारे पंधरा जण, प्लॅन करणारा एकटा. म्हणजे तुम्ही.

तर या समस्त प्लॅनर मंडळींशी मला आज एका रात्रीबद्दल बोलायचंय. विमान मुंबईत उतरल्यापासून गाडी कोकणात पोचेपर्यंतची मधली रात्र. होमस्टेचे फोटो आपण चाळीस वेळा बघतो, सुरमई की बांगडा यावर पोल घेतो, पण या रात्रीचा विचार शेवटच्या पाच मिनिटांत उरकतो. ते संभाषणही ठरलेलं.

‘दीडला लँड होतोय ना? बॅगाबिगा धरून तीनला निघू.’
‘अरे, पण झोप?’
‘गाडीत झोपू की! रस्ता मोकळा, नऊला गुहागर. डायरेक्ट घावन आणि चहा! हॉटेलचे पैसे पण वाचले.’

ऐकायला एकदम सॉलिड वाटतं. म्हणूनच हा प्लॅन दर वर्षी शेकडो घरांत पास होतो. आता याचा हिशोब जरा कागदावर मांडून बघू.

नऊला पोचून करणार काय?

पहिली गोष्ट, खोली. कोकणातलं घरगुती राहणं म्हणजे काही शंभर खोल्यांचं हॉटेल नव्हे. चार-पाच खोल्या, आणि सुट्टीच्या दिवसांत त्या आदल्या रात्री भरलेल्या. आधीचे पाहुणे दहा-अकराला निघणार, मग चादरी बदलणार, मग तुमची खोली. तुम्ही रात्रभर गाडी हाणून नऊला अंगणात हजर झालात, तरी खोली मिळणार बाराला. तोपर्यंत? ओटीवरच्या खुर्चीत मान टाकून झोपलेला दादा, झोपाळ्यावर चिडचिड करणारी वहिनी आणि ‘आंघोळ कुठे करायची?’ असं दर दहा मिनिटांनी विचारणारे बाबा. रात्री वाचवलेले तास सकाळी ओटीवर बसून खर्च होतात. फायदा शून्य.

दुसरी गोष्ट, येणाऱ्यांचं शरीर. न्यू यॉर्क आपल्या मागे साडेनऊ ते साडेदहा तास, लंडन साडेचार ते साडेपाच. शरीराचं घड्याळ साधारण दिवसाला एका तासाच्या वेगानं जुळवून घेतं, आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे येताना ते जास्त कुरकुरतं. म्हणजे येणारा माणूस पहिले दोन-तीन दिवस तसाही धड जागा नसतो, धड झोपलेला नसतो. त्यात लहान मूल असेल तर ते रात्री तीनला टक्क जागं होऊन जेवायला मागणार. मुंबई-पनवेलला त्या वेळी दूध, खिचडी, निदान ब्रेड-बटर तरी मिळेल. वाडीवर? होमस्टेच्या काकूंना उठवणार का?

आणि आई-बाबाच तिकडून परत येत असतील तर आणखी एक मुद्दा. एका जागी चार तासांपेक्षा जास्त बसून केलेल्या प्रवासात पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याची शक्यता वाढते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात २००७मध्ये दिसलं. एकूण धोका कमीच, पण तो विमानाइतकाच गाडीलाही लागू. पंधरा तास विमानात पाय दुमडून बसलेल्या माणसाला लगेच सात तास गाडीच्या मागच्या सीटवर कोंबणं, यात कसला शहाणपणा?

आता तिसरी गोष्ट. हीच सगळ्यात मोठी आहे आणि हिच्यासाठी आपल्या एक्सेलमध्ये कॉलमच नसतो. ड्रायव्हरची झोप!

तिथे खड्डा नव्हता

माझ्या एका मैत्रिणीच्या घरी दोन वर्षांपूर्वी हाच ‘तीनला निघू’ प्लॅन पास झाला. भाऊ, वहिनी आणि चार वर्षांची भाची ॲमस्टरडॅमहून आले. घरचे चौघं गाडी घेऊन एअरपोर्टवर. ड्रायव्हरदादा ओळखीतले, गोड माणूस. फक्त एवढंच की ते सकाळी सहाला उठून दिवसभर ऑफिसच्या पिकअप-ड्रॉपवर होते आणि तिथूनच थेट इकडे आलेले. हे कोणी विचारलं नव्हतं, त्यामुळे त्यांनी सांगितलं नव्हतं.

वडखळच्या पुढे मैत्रिणीला एकदम थंडी वाजली. ड्रायव्हरदादांनी काच खाली केली होती. डिसेंबरच्या पहाटे. मग त्यांनी बाटलीतलं पाणी मानेला लावलं. मग गाण्यांचा आवाज वाढवला. मागे सगळे गाढ झोपलेले. कोलाडच्या अलीकडे गाडी अगदी हलकेच डांबरावरून डावीकडे मातीत उतरली आणि पुन्हा वर आली. सगळं मिळून दोन सेकंदं.

‘काही नाही ताई, खड्डा चुकवला,’ ड्रायव्हरदादा म्हणाले.

तिथे खड्डा नव्हता.

तिनं पुढच्या टपरीवर गाडी थांबवली आणि ड्रायव्हरदादांना सीट मागे करून झोपायला लावलं. ते अडीच तास झोपले. बाकीचे टपरीवर चहामागून चहा पीत बसले, भाची मांडीवर रडून रडून थकली. गुहागरला पोचायला दुपारचा एक वाजला. म्हणजे जी रात्र वाचवायची होती ती शेवटी बाकड्यावरच गेली. पण सगळे पोचले. ती आजही म्हणते, मी पण झोपले असते तर?

हा ‘तर’ नुसता भीतीचा नाही, त्याला आकडे आहेत. १९९७मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-साप्ताहिकात ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांचा एक छोटासा अभ्यास आला होता. सलग सतरा तास जागा असलेला माणूस कामात जेवढा ढिला पडतो, तेवढाच तो रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असताना पडतो. चोवीस तास जागरण झालं की साधारण ०.१० टक्क्यांइतका. आपल्या मोटार वाहन कायद्यात मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. आता मोजा. सकाळी सहाला उठलेल्या माणसाचे सतरा तास रात्री अकराला भरतात. तुमचं विमान अजून आकाशातच आहे! पहाटे साडेपाचला कोलाडजवळ तो चोवीस तासांच्या उंबरठ्यावर असतो. त्यात पहाटेची वेळ म्हणजे शरीर सगळ्यात जास्त झोप मागतं ती.

दारू प्यायलेला ड्रायव्हर समोर आला तर आपण गाडीत बसू का? दारसुद्धा उघडणार नाही. आणि न झोपलेल्या ड्रायव्हरच्या मागे मात्र घरातली सगळी माणसं बसवून आपण बिनधास्त घोरतो.

बरं, यात त्याची चूक किती? त्याला ट्रिपचे पैसे मिळतात. ‘मी दमलोय’ म्हटलं की ट्रिप दुसऱ्याला जाते. निघायची वेळ त्यानं ठरवलेली नसते, ती आपण ठरवलेली असते, एसीत बसून. दादा स्वतः चालवणार असेल तर प्रकरण आणखी वाईट. ‘मला तिकडे हजार मैल चालवायची सवय आहे’ म्हणणारा दादा तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवत असतो. शिवाय तो चोवीस तास झोपलेला नसतो.

म्हणून माझा सरळ फंडा आहे. मधला मुक्काम लाड म्हणून करायचा नसतो. तो स्टिअरिंगवरच्या माणसासाठी असतो. बाकीच्यांना त्यात गादी मिळते, हा बोनस.

मुक्काम कुठे?

इथे बहुतेकांची गाडी अडते. ‘एअरपोर्टजवळ’ हे उत्तर डोळे मिटून देऊ नका. उलटं मोजायला शिका. शेवटच्या टप्प्यापासून सुरुवात करा. शेवटचे चाळीस-पन्नास किलोमीटर म्हणजे अरुंद रस्ता, वळणं, मध्येच गुरं, दिवे नाहीत. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो. तर पाचला गावात पोचायचं, असं धरा. वाटेत दाभोळ-धोपावेसारखी जेटी असेल तर फेरीबोटीची वेळ आधी बघा, ती काही चोवीस तास तुमच्यासाठी उभी नसते. तिथून मागे या. मुंबईहून दापोली सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, गुहागर आणखी पुढे. जेवण, चहा आणि डायव्हर्जन धरून सात-आठ तास. मुंबई-गोवा हायवेचं काम २०११मध्ये सुरू झालं आणि तेव्हापासून ‘डायव्हर्जन’ हा शब्द कोकणातल्या आज्यांनाही पाठ झालाय, त्यामुळे एक तास जास्तच धरा. म्हणजे सकाळी नऊच्या आत मुंबईबाहेर असायला हवं. आता विमानाची वेळ बघा.

विमान मध्यरात्री ते पहाटे उतरत असेल (परदेशातून येणारी बरीचशी याच वेळेत टपकतात) तर दोन पर्याय. येणारे जाम दमलेले, सोबत मूल किंवा आजी-आजोबा असतील तर सहार-अंधेरीतच झोपा. पण मग सकाळी ऑफिसच्या गर्दीतून बाहेर पडायचंय हे लक्षात ठेवा. माझा आवडता पर्याय दुसरा. रात्री रस्ते रिकामे असतात, एअरपोर्टहून साधारण तासाभरात पनवेल. पनवेल-खारघरला झोपायचं. सकाळी उठाल तेव्हा मुंबई मागे पडलेली असते. तुमचा हायवे, म्हणजे जुना सतरा नंबर आणि आताचा ६६, सुरूच होतो तिथे पळस्पे फाट्याला. दिशा उलटी होण्याची भानगड नाही, सायन-पनवेलचं टेन्शन नाही.

विमान सकाळी सहा-सातला उतरत असेल तर सरळ निघायला हरकत नाही, पण दोन अटींवर. ड्रायव्हर रात्री स्वतःच्या घरी झोपून आलेला हवा आणि ठिकाण पाच-सहा तासांच्या आत हवं. त्यापुढे जायचं असेल तर चिपळूणला थांबा.

विमान दुपारी उतरलं तर ‘जमेल तेवढं पुढे जाऊ’ हा मोह सोडा. अंधार पडायच्या आत जिथे पोचाल तो तुमचा मुक्काम. पेण असो की माणगाव.

अलिबाग-नागावला जाणाऱ्यांसाठी तर सोन्याहून पिवळं. भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला गाडीसकट नेणारी रो-रो बोट मार्च २०२०मध्ये सुरू झाली. तासाभराचा प्रवास. रात्री मुंबईत झोपा, सकाळी बोट पकडा, गाडीतले कित्येक तास गायब. आणि रेल्वेवाल्यांनो, जून २०२३मध्ये सुरू झालेली मडगावची वंदे भारत सीएसएमटीहून पहाटे सुटते आणि ठाणे, पनवेल, खेड, रत्नागिरीला थांबते. पण विमान दोनला उतरतंय आणि ट्रेन त्याच पहाटेची, असा पराक्रम करू नका. विमान लेट झालं तर ट्रेन थांबणार नाही. एक दिवस पुढचं तिकीट काढा.

आणखी एक. २५ डिसेंबर २०२५पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय. दिल्ली-बंगळुरूहून येणाऱ्या मित्राच्या तिकिटावर कोणता विमानतळ आहे ते नीट वाचा. तो नवी मुंबईचा असेल तर पनवेलचा मुक्काम अगदी शेजारीच. नाहीतर तुम्ही सहारला बोर्ड धरून उभे आणि तो उलव्याला!

गणपतीला येणाऱ्यांसाठी हे सगळं दुप्पट लागू. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि दोन एसटी बस अंधारात नदीत गेल्या. पावसाळ्यात कोकणाकडे जाणारा रस्ता उजेडातच बघावा.

तारखेचा घोळ

बुकिंग करताना सगळ्यात जास्त घोळ होतो तो तारखेचा. विमान २४ तारखेला रात्री दोनला उतरतंय. खोली कोणत्या तारखेची घ्याल? ‘२४’ म्हणालात तर गेलात! २४चं चेक-इन दुपारी बारा किंवा दोनला. तुम्हाला हवीय ती २३ तारखेची रात्र. बुकिंग २३चं करा आणि लगेच फोन करून सांगा, ‘आम्ही रात्री उशिरा, तीनच्या सुमारास येतोय, नो-शो धरू नका.’ नाहीतर मध्यरात्री काउंटरवरचा मुलगा शांतपणे सांगेल की तुमची खोली दिली दुसऱ्याला.

येणाऱ्याचा पासपोर्ट परदेशी असेल तर तेही आधीच सांगा. परदेशी पाहुण्यांची माहिती हॉटेलला सरकारकडे कळवावी लागते, आणि काही छोटी लॉज हा व्याप नको म्हणून दारातूनच परत पाठवतात. पहाटे तीनला हे कळण्यात मजा नाही.

आणि गाडीचं? इथे माझी सगळ्यात लाडकी टीप. दोन गाड्या करा! एअरपोर्टहून हॉटेलपर्यंत साधी टॅक्सी, प्रीपेड किंवा ॲपवरची. कोकणाची गाडी बोलवा सकाळी साडेआठला, हॉटेलच्या दारात. तुमचा ड्रायव्हर रात्री आपल्या घरी, आपल्या अंथरुणात झोपलेला असतो. विमान तीन तास लेट झालं तरी त्याच्या झोपेला धक्का नाही. एकच गाडी ठेवायची असेल तर नाइट हॉल्टच्या पैशांवर विषय संपवू नका. ‘ड्रायव्हरसाठी झोपायची सोय आहे का?’ हे हॉटेलला विचारा. गाडीत पाय दुमडून काढलेली रात्र म्हणजे झोप नव्हे.

आत्याचं काय?

आता खरा कठीण पेपर. तुम्ही हॉटेलचं नाव काढलंत की घरातून आवाज येणारच, ‘अगं, डोंबिवलीला आत्या असताना हॉटेल कशाला? तिला काय वाटेल?’

आत्या गोड आहेच. म्हणूनच तिच्याकडे झोप होत नाही! पहाटे साडेतीनला तुम्ही पोचणार, ती तोपर्यंत जागी. कांदेपोहे तयार, पुरणपोळ्या डब्यात. ‘किती वाळलास रे!’ पासून सुरुवात होणार आणि शेजारच्या काकूंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनपर्यंत गाडी जाणार. सहा वाजता दूधवाला येईल तेव्हा कोणाच्या तरी लक्षात येईल की झोपायचं राहिलं. यात तुमचीही झोप गेली, आत्याचीही आणि खाली गाडीत बसलेल्या ड्रायव्हरचीही.

यावर एकच तोडगा चालतो. जाताना हॉटेल, येताना आत्या. परतीच्या वाटेवर दोन दिवस आत्याकडे. तोपर्यंत जेट लॅग उतरलेला, हातात काजू आणि आंबापोळी, सांगायला कोकणातल्या गमती. आत्यालाही झोपाळू भाच्यापेक्षा गप्पा मारणारा भाचा जास्त आवडेल. फक्त हे तिला आधी आणि स्वतः फोन करून सांगा. ग्रुपवरून कळलं तर मात्र दोन वर्षं ऐकावं लागेल.

शिवाय या मुक्कामाच्या सकाळी शहरातली छोटी कामं उरकतात. तिकडचं सिम इथे उपयोगाचं नसतं, तिकडचं कार्ड वाडीतल्या दुकानात चालत नाही. थोडी कॅश, औषधं, एक इकडचं सिम. नाश्ता करून पंधरा मिनिटं उन्हात चाला, शरीराच्या घड्याळाला ‘सकाळ झाली’ हे कळण्यासाठी उजेडासारखं दुसरं औषध नाही.

फ्रीजवर चिकटवा

• ड्रायव्हरला विचारा, काल किती वाजता झोपलात? उत्तर आवडलं नाही तर वेळ बदला.
• पाचला गावात, तिथून उलटं मोजा.
• रात्रीचं विमान असेल तर खोली आदल्या तारखेची.
• एअरपोर्टची गाडी वेगळी, कोकणाची वेगळी.
• ड्रायव्हरच्या शेजारी बसणारा माणूस जागा राहील असाच निवडा.
• जाताना हॉटेल, येताना आत्या.

आणि एक फायदा राहिलाच सांगायचा. पाच वर्षांनी घरी येणारा माणूस रात्री निघाला तर कोकण झोपेत ओलांडतो. सकाळी निघाला तर त्याला सगळं दिसतं. पळस्पे फाटा, पेणच्या गणपतींच्या पाट्या, माणगावचा वडापाव, सावित्रीचं पात्र, कशेडीचा नवा बोगदा आणि मग पहिली लाल माती. त्यासाठीच तर तो एवढ्या लांबून आलाय ना? मग त्याला ते जागेपणी बघू द्या. पनवेलच्या त्या एका रात्रीचं बिल कोणी भरायचं, यावर ग्रुपवर पोल घ्या. ठरवणारे पंधरा जण आहेतच!